रिकामा डबा गेटवर ठेवा

रविवार, १४ डिसेंबर

उद्या सुरू. मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून आणलेले स्टीलचे तीस डबे ओट्यावर, फ्रिजवर, जमिनीवर पालथे पडलेत. आईला स्वयंपाकघरात वळायला जागा नाही आणि त्यावरून सकाळपासून ती मला बोलतेय. वसतिगृहात दोनशे पोरींचा स्वयंपाक करून रिटायर झालेली बाई, तीस डब्यांचं हिला काय एवढं?

काय करतोय ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढं स्वतःलाच फसवायला नको. जुळे सोलापुरात घरोघरी म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात. पोरं पुण्याला, बेंगळुरूला. मीही त्यातलीच. दोन जिवांसाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो, मग चहा-बिस्किटावर दुपार निघते. अशा घरांत आईच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी, बाजार आमटी आणि शेंगाची चटणी पोचवायची. बाकी काही नाही. अ‍ॅप नाही, मेनू नाही, दुकान नाही. माझा भागीदार अनीश याला एमव्हीपी म्हणतो. कमीत कमी वस्तू लोकांपुढं ठेवायची आणि बघत बसायचं. "लोक म्हणतात काय ते ऐकू नकोस, करतात काय ते मोज." तो पुण्यात माझ्याच कंपनीत आहे, पण घर इथलंच, दोन गल्ल्या पलीकडं.

मोजायचं असं ठरलंय. पहिला डबा आमच्याकडून. झाकणावर चिठ्ठी: 'आवडलं तर रिकामा डबा सकाळी गेटवर ठेवा. दुपारी भरून येईल.' शुक्रवारपर्यंत निम्म्याहून जास्त घरांनी डबा ठेवला, तर मी आणि अनीश दोघंही नोकरी सोडणार. नाही ठेवला तर माझी बिनपगारी रजा संपली, सोमवारी मी पुण्यात हजर आणि आई परत इथं एकटी टीव्हीसमोर. साहेबांना शुक्रवारी कळवायचंय.

आईशी एक वाद झाला. चिठ्ठीखाली मी छापलंय, 'विठाबाई बनसोडे यांच्या हातचं'. ती म्हणाली, "नाव कशाला? नुसतं भाकरी-आमटी लिव्ह की." मी म्हटलं, कष्ट तुझे तर नावही तुझंच. "मंग विठाबाई म्हन. बनसोडे कशाला?" आडनाव वाचलं की माणसं पुढचं सगळं वाचतात, असं तिचं म्हणणं. आमच्या दारावर पंचशीलाचा झेंडा आहे, भिंतीवर बाबासाहेब आहेत, हे काय लपवून ठेवलंय का आपण? तू कुठल्या काळात राहतेस, असंही मी बोलले. ती डबे पुसत राहिली.

सोमवार, १५ डिसेंबर

सगळे डबे गेले. स्कूटीवर किती खेपा झाल्या देव जाणे, पाठ गेली कामातून.

पहिला डबा लीलाकाकूंकडं, म्हणजे अनीशच्या आईकडं. तिसातली निम्मी घरं त्यांनीच सुचवलेली. दारात आल्या, हात ओले आहेत म्हणाल्या, "कट्ट्यावरच ठेव गं." बिचाऱ्यांचं सदानकदा काहीतरी काम चाललेलं असतं. "धम्मप्रिया, तुझं कौतुक वाटतं बाई," असं दोनदा म्हणाल्या. दारात गुलाब असलेल्या बंगल्यातूनही खिडकीतूनच आवाज आला, तिथंच ठेवा. अशी दोन-तीन घरं पटापट उरकली. तशीच सगळी असती तर लवकर घरी आले असते.

भार्गवी मॅडमनी मात्र अर्धा तास खाल्ला. शाळेत शिक्षिका होत्या, आता नवरा-बायको दोघंच. झाकण दारातच उघडलं, वास घेतला, मला ओढून आत नेलं, पाणी दिलं. आई कुठल्या? मंद्रूपच्या. आमटीत किती डाळी? मसाला घरचा का? खुर्चीवर बसून मी घड्याळाकडं बघतेय आणि स्कूटीवर बाकीचे डबे गार होतायत. अशी गिऱ्हाइकं परवडायची नाहीत.

घरी आले तर आई उंबऱ्यात उभी. "खाल्लं असंल का गं?" मी म्हटलं, उद्या कळेल.

मंगळवार, १६ डिसेंबर

चार.

तीस गेटं फिरले. काही ठिकाणी स्कूटी बंद करून, वाकून, कुंडीमागं बघितलं. कुठं नाही. फक्त चार डबे. मला वाटलं लवकर आलेय, म्हणून परत एक चक्कर मारली. चारच.

लीलाकाकूंचा डबा गेटला प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकवलेला, इतका लख्ख की आत्ता दुकानातून आणलाय. त्या गॅलरीत होत्या. "आमच्या भामाबाईंनी अगदी बोटं चाटून खाल्लं हो!" चला, एक तरी शाबासकी. गुलाबाच्या बंगल्याचा डबाही असाच पिशवीत, घासलेला. तिसरा त्याच्या शेजारच्या घराचा. चौथा धनाजीराव म्हणून बँकेतल्या साहेबांचा. बदलीवर आलेत, एकटेच असतात. डब्यात चमचा राहिला होता, त्यांचाच.

घरी आई पराती भरून पीठ मळून बसलेली. माझ्या हातात चारच डबे बघून तिनं निम्मं पीठ झाकून ठेवलं. मीच लीलाकाकूंचं सांगितलं. "भामाबाई कोन?" त्यांच्या कामवाल्या मावशी. "आन् काकू काय म्हनल्या?" तेच की, मावशींना आवडलं. आईनं पिठाचा गोळा दाबला. मग म्हणाली, "बरं झालं. कुनीतरी पोटभर खाल्लं न्हवं."

एवढी चांगली बातमी दिली तर तोंड असं. हिला कधी काही गोड लागत नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

तेच चार. मला काही सुचत नाहीये. आमटी खारट झाली होती का? मी स्वतः खाल्ली होती, चांगली होती. भाकरी वातड? आईची भाकरी वातड झालेली मी जन्मात बघितली नाही.

अनीशचा फोन. त्यानं तक्ता केलाय, आलेले हिरवे, न आलेले लाल. "सव्वीस लाल, धम्मप्रिया. पण हिरवे चार एकदम पक्के, रोज ठेवतायत. माझी आई बघ, पहिल्याच दिवसापासून. अशी माणसं शोधायला पाहिजे होती आपण." मी म्हटलं, सव्वीस घरांत एकदम एकच गोष्ट का व्हावी? मग जे दोन दिवस मनात घोळत होतं ते बोलले. चिठ्ठीवरचं आडनाव. तो हसला. "काहीही काय. कुठल्या काळात राहतेस तू?"

फोन ठेवल्यावर आठवलं, हेच वाक्य मी रविवारी आईला ऐकवलं होतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

आज जे झालं ते लिहितानासुद्धा कान गरम होतायत.

भाजीला गेले होते. पालकाच्या पाटीजवळ भार्गवी मॅडम. मला बघितलं आणि चक्क तोंड फिरवून पलीकडच्या पाटीवर गेल्या. मीही हट्टी, गेले मागं. म्हटलं, नमस्कार मॅडम. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "अगं, डबा आहे हो माझ्याकडं... पाठवते. म्हणजे काय झालं की..." आणि पालक तसाच टाकून, रिक्षाला हात करून गेल्या. ज्या बाईनं मला आत बसवून पाणी पाजलं, ती बाई.

बसवलं तेव्हा चिठ्ठी वाचली नव्हती. नंतर वाचली. दुसरं काय असणार?

मी घरी येऊन आईवर ओरडले, तिचा काही दोष नसताना. तुझंच खरं होतं, म्हटलं, हे लोक आमटी खातात आणि आडनाव बघून डबा ठेवून घेतात, परत भरलेला नको म्हणून. आईनं 'मी सांगितलं होतं' असं म्हणायला पाहिजे होतं. म्हणाली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. "चिठ्ठी बदलून बघू का? नाव काढून?" एवढंच म्हणाली. वसतिगृहात मोठ्या मॅडमना तोंडावर उत्तर देणारी माझी आई. मला रडू आलं आणि रागही, आणि कुणावर काढावा तेच कळेना.

नाव काढणार नाही. धंदा बंद झाला तर नावासकट बंद होईल.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज येळवस, वेळा अमावास्या. सगळी कॉलनी ओस. ज्याचं-त्याचं शेत मंद्रूपकडं, अक्कलकोटकडं, सगळे मिश्र भाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन रानात जेवायला गेलेत. निकालाचा दिवस आणि गल्लीत कुत्रं नाही. ते चार डबेही आज नाहीत.

सकाळी शेजारच्या दाक्षायणीकाकू दार वाजवत आल्या. आंबिलीला त्यांचं पातेलं पाहिजे होतं. मागच्या पंधरवड्यात त्यांनी त्यातून आम्हाला हुग्गी, गव्हाची खीर, दिली होती. तेव्हापासून ते पातेलं आमच्या फळीवर धुवून ठेवलेलं. मी रोज म्हणतेय, नेऊन दे बाई, अडगळ होते. "बेग कोडव्वा, लवकर दे गं, गाडी खाली थांबलीय," काकू दारातून घाई करतायत आणि आमच्या मातोश्री पातेलं धरून उभ्या. "एक मिनिट थांबा, तशीच जाऊ नगा." तिनं चटणी कुटायला घेतली! खाली गाडीचा हॉर्न, दारात काकू, आत ठॉक ठॉक. पातेल्यात चटणी पडल्यावरच पातेलं बाहेर गेलं. इतके दिवस का दिलं नाहीस, विचारलं तर म्हणते, "सवडच झाली न्हाय काही करायला. मोकळं कसं द्यायचं?" मी डोक्याला हात लावला. माझं आयुष्य इथं टांगणीला लागलंय आणि हिचं पातेल्याचं चाललंय.

दुपारी अनीशचा फोन. सरळ बोलला, ते बरं केलं. "आपण ठरवलं होतं, आता सबबी नकोत. लोकांना नको आहे. मी हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय, उद्या मिळतील तेवढे डबे दुकानाला परत देऊ." मी हो म्हटलं आणि साहेबांना मेल टाकला, सोमवारी येते. दोन ओळींचा मेल.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "जा. तुजं काम हाय तितं." मग उठून टीव्ही लावला, आवाज न करता.

शनिवार, २० डिसेंबर

कुठून सुरू करू.

सकाळी अनीश आला. गेटवर परत दिसलेले ते नेहमीचे चार डबे मी उचलून आणले होते, त्यांच्या चिठ्ठ्या आम्ही खरवडून काढत होतो. तेवढ्यात बेल वाजली. दारात भार्गवी मॅडम, हातात आमचा डबा, आणि जड, कारण दोन्ही हातांनी धरलेला. मला वाटलं खाल्लंच नाही, आमटी तशीच परत आणली.

"आई कुठं आहेत?" म्हणत त्या सरळ आत, स्वयंपाकघरात. डबा आईच्या हातात दिला. "चार दिवस तोंड चुकवतेय बघा तुमच्या लेकीचं. काल येळवस म्हणून रानात भज्जी केली, तेव्हा जिवाला बरं वाटलं. त्याआधी घरात काही म्हणजे काही झालंच नव्हतं हो. एवढी आमटी खाल्ली आणि डबा काय रिकामा द्यायचा?"

आईनं झाकण उघडलं. भज्जी, वर बाजरीचे वाफवलेले गोळे, उंडे. आईनं माझ्याकडं बघितलं, मी फळीकडं बघितलं, जिथं पंधरा दिवस ते पातेलं होतं. आम्हा दोघींना. घरात समोर असताना. दोघींनाही सुचलं नाही. आणि मी स्वतःच्या हातानं छापलं होतं, रिकामा डबा गेटवर ठेवा. कोणती बाई ठेवणार होती?

मग बेल थांबेना. एका आजीनं शेंगपोळ्या घातल्या होत्या. एकांनी रानातला हुरडा. एका काकांनी बाटलीत आंबील आणि डब्यात लिंबाचं लोणचं, बायको पुण्याला लेकीकडं गेलीय म्हणून उशीर झाला, अशी माफीसुद्धा मागितली. एकीनं तळाला नुसती चिमूटभर साखर. "दुसरं काही नव्हतं गं." तिला रोज दुपारी डबा पाहिजे, महिन्याचं काय ते सांग म्हणाली. बऱ्याच जणींनी तेच सांगितलं. दोघांनी पथ्य आहे, नको म्हटलं, पण त्यांचाही डबा भरलेला. आडनावाचं कुणी काढलंच नाही, एका आजोबांशिवाय. त्यांनी विचारलं, कुठल्या बनसोड्यांच्या तुम्ही? आई जरा ताठ झाली. "मंद्रूपच्या बुद्धवाड्यातल्या." "मग तर," ते म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांची हलगी ऐकलीय मी, आमच्या लग्नात." आता हे ऐकून बरं वाटून घ्यायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. आईनं त्यांना चहा दिला.

अनीश लहान पोरासारखा प्रत्येक झाकण उघडून बघत होता, एक उंडा तोंडात. ओटा भरला तेव्हा हसत म्हणाला, "म्हणजे आपण सगळं उलटं मोजलं. लाल ते हिरवे आणि..."

तिथं थांबला.

खिडकीत ते चार डबे होते. लख्ख. बँकेच्या धनाजीरावांचं सोडा, त्या एकट्या माणसाला डबा कसा परत देतात हे कोण शिकवणार? गुलाबाच्या बंगल्याचं आणि शेजारच्यांचं मला माहीत नाही, नुसतीच टापटिपीची माणसं असतील. पण अनीशनं त्यातला एक डबा उचलला. तळाला मी घातलेला यादीतला सत्तावीस नंबर, त्याच्या घरचा. झाकण काढून आत बघितलं. आत काय असणार?

"आई म्हणाली होती, आवडलं," तो म्हणाला.

"भामाबाईंना आवडलं म्हणाल्या," मी म्हटलं. माझ्याच वहीत मी हे शाबासकी म्हणून लिहिलंय. कट्ट्यावर ठेव, हात ओले आहेत. तेही लिहिलंय, बिचाऱ्या म्हणून.

शेवटी आई म्हणाली, "लई झ्याक घासलाय डबा तुज्या आईनं. बोट लावायला जागा न्हाय." त्याला सांभाळून घेतलं की टोचलं, तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच कळत नाही. अनीशची मान खाली. "आमच्या घरचा डबा बंद करा, काकू."

"बंद कशाला? खानारी हाय की तितं." आईनं त्याच्या हातातून डबा घेतला. "आन् खानारीचं नाव टाक वर."

रविवार, २१ डिसेंबर

साहेबांना दुसरा मेल टाकला. येत नाही. राजीनामा सोबत. अनीशनं अजून दिलेला नाही. घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. त्यानं उद्याची रजा टाकलीय.

चिठ्ठी नवीन छापली. 'डबा गेटवर ठेवा' एवढंच. रिकामा हा शब्द काढून टाकला. नाव आहे तसंच.

आई सकाळपासून मसाला भाजतेय आणि मला बोलतेय.

सोमवार, २२ डिसेंबर

सत्तावीस नंबरवर वेगळी चिठ्ठी चिकटवली, 'भामाबाईंसाठी'. अनीश म्हणाला, तो मीच नेतो. परत आला तेव्हा कसं झालं विचारलं. "हाक मारली आणि हातात दिला. आई तिथंच होती." आणि तो बाकीचे डबे उचलून गाडीला लावायला लागला.

संध्याकाळी एक बाई दारात. ओळखीची नाही, कमरेला पदर खोचलेला. "विठाबाई कोन हितं?" आईनं आतून ओ दिली. बाईनं तिच्यापुढं डबा धरला, लीलाकाकूंकडचाच. "सकाळी गेटवर ठिवा म्हन्त्यात, पर म्हनलं आपुनच जावं." मग जरा लाजून, "जास्त काय न्हाय हो."

आईनं झाकण काढलं. आत बोरं होती.